गोदी बुजवली, भिंती राखल्या

लिव्हरपूलची अल्बर्ट डॉक ही गोदी 1846 साली सुरू झाली. जेसी हार्टली या अभियंत्याने तिथली गोदामं वीट, दगड आणि ओतीव लोखंडाची बांधली. सांगाड्यात लाकूड वापरलंच नाही, कारण कापूस, साखर, दारू असल्या मालाला एकदा आग लागली की आवरायची नाही. पुढे जहाजं थोराड झाली, गोदीत मावेनाशी झाली. 1972 मध्ये टाळं लागलं. आत गाळ साचला, पाडापाडीची भाषा सुरू झाली. तरी गोदामं वाचली आणि 1988 साली त्यात टेट कलादालन उघडलं.

2007 मध्ये तिथेच गुलामगिरीचं संग्रहालय आलं. शहराची श्रीमंती माणसांच्या खरेदी-विक्रीवरही पोसलेली, हे उपाहारगृहांच्या शेजारीच मांडलं गेलं. लोखंडी खांबांना रंग देण्यापेक्षा हे अवघड आणि मला जास्त मोलाचं वाटतं.

युनेस्कोने 2004 मध्ये या बंदराला जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि 2021 मध्ये काढूनही घेतला. उत्तरेकडच्या गोद्यांवरचे नवे प्रकल्प हे त्याचं कारण. त्यातलंच एक एव्हर्टन क्लबचं स्टेडियम. त्यासाठी ब्रॅमली-मूर गोदी वाळूने भरली, पण जुन्या भिंती खाली तशाच ठेवल्या आणि 1883 चा जलदाब यंत्रांचा मनोरा दुरुस्त केला. दर्जा गेला, पण ओसाड पडलेल्या त्या काठावर 2025 पासून फुटबॉलचे सामने रंगताहेत.