लघवीचे दुखणे लपवू नका

दात दुखला तर आपण चारचौघांत सांगतो. लघवीचे दुखणे मात्र लपवतो. ही लाज महागात पडते.

पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. लघवीची नळी तिच्यामधून जाते. वय झाले की ग्रंथी वाढते आणि नळी दबते. मग धार बारीक होते, रात्री सारखे उठावे लागते. बहुतेकांची ही वाढ साधीच असते. तो कर्करोग नव्हे.

पण क्वचित या ग्रंथीच्या मऊ मांसात निराळीच गाठ होते. तिला सार्कोमा म्हणतात. प्रोस्टेटच्या हजार कर्करोगांत अशी एखादीच असते. पण ती तरण्या माणसालाही होते, आणि भराभर वाढते.

ती ओळखावी कशी? डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपतात. रक्ताची पीएसए तपासणी करतात. पण या गाठीत पीएसए बहुधा वाढत नाही. म्हणून रक्त चांगले आले तरी लघवी अडतच असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. ते सोनोग्राफी, एमआरआय करतात. शेवटी सुईने गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खरी ओळख तिथेच पटते. सुईला भिऊन तपासणी टाळू नका.

मग छातीही तपासतात, कारण हा रोग फुप्फुसात पसरतो. पसरला नसेल तर शस्त्रक्रिया करून सारी ग्रंथी काढतात आणि नळी मूत्राशयाला जोडतात. गाठ फार वाढली असेल, तर मूत्राशयही काढावे लागते.

म्हणून आपण लाज सोडू या, आणि वेळेवर दवाखाना गाठू या.