त्यात वाइन आहे का?

लेकीचा दहावीचा निकाल लागला. "काय हवं तुला?" असे विचारल्यावर ती फोन मागेल असे वाटले होते. ती म्हणाली, "अम्मी, मला सी-फूड पास्ता खायचा आहे. पाकिटातला नाही, इटालियन हॉटेलातला."

आम्ही राहतो पुण्यात, कोंढव्याला. माझे माहेर रत्नागिरीचे. तिसऱ्या, कोळंबी, माकूल, कुर्ल्या खातच मी मोठी झाले. त्यामुळे समुद्रातले खाणे नवे नव्हते, त्याची इटालियन तऱ्हा तेवढी नवी होती. थोडे वाचले तेव्हा कळले की नेपल्सकडचा तिसऱ्यांचा पास्ता, 'स्पगेत्ती आले वोंगोले', अगदी साधा असतो. ऑलिव्ह तेलात लसूण परतायचा, तिसऱ्या टाकून झाकण ठेवायचे, त्या उघडल्या की त्यांच्याच खारट पाण्यात उकडलेली स्पगेत्ती घोळवायची आणि वरून चिरलेली पार्स्ली घालायची. मासळीच्या पास्त्यावर तिकडे सहसा चीजही घालत नाहीत. अडचण एकच होती. तिसऱ्या शिजताना त्यात बहुतेक ठिकाणी व्हाइट वाइन ओततात.

पहिल्या हॉटेलात मी वेटरला विचारले, "यात वाइन आहे का?" तो आत न जाताच म्हणाला, "नाही मॅडम." ताटे आली. चार घास झाले असतील, तोच शेजारच्या टेबलावर तोच वेटर सांगू लागला की सॉस व्हाइट वाइनमध्ये आटवलेला आहे. मी त्याला बोलावून पुन्हा विचारले. आता तो आत जाऊन आला. "थोडीशी असते मॅडम, पण ती उडून जाते."

आम्ही काटे खाली ठेवले. बिल दिले. लेक कानाशी कुजबुजली, "अम्मी, हळू बोल ना, सगळे बघताहेत."

वाइन उडून जाते का? पूर्ण नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार १५ मिनिटे शिजवल्यावरही सुमारे ४० टक्के अल्कोहोल पदार्थात उरते आणि तासाभरानंतर सुमारे २५ टक्के. पास्त्याचा सॉस तर दहा-पंधरा मिनिटांत उतरतो. आणि आपल्यासाठी प्रश्न केवळ टक्क्यांचा नाही.

पण मला वाइनपेक्षा लेकीची कुजबुज जास्त लागली. घरी आल्यावर ती म्हणाली, "राहू दे अम्मी. ते आपलं खाणंच नाही. मैत्रिणींनी बोलावलं तर मी भूक नाही म्हणून सांगेन."

'भूक नाही.' बीएडच्या वर्षात सहलींना गेल्यावर मीही हेच सांगत असे. डब्यात काय आहे हे विचारण्याची लाज वाटायची म्हणून दिवसभर उपाशी राहायचे. तीच लाज आता माझ्या मुलीकडे आली होती.

मी तिला अल-इद्रीसी यांच्याबद्दल सांगितले. या मुस्लिम भूगोलकाराने ११५४ साली सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी जगाच्या वर्णनाचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाची नोंद आहे. तिथे 'इत्रिया', म्हणजे शेवयांसारखा पदार्थ, मोठ्या प्रमाणात तयार होई आणि जहाजांत भरून मुस्लिम आणि ख्रिस्ती मुलखांत जाई. इटलीतल्या सुक्या पास्त्याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. "आता सांग, हे खाणं परकं कसं?" ती हसली. म्हणाली, "मग पुढच्या वेळी मी विचारते."

दुसऱ्या ठिकाणी आम्ही आधी फोन केला. त्यांनी स्वच्छ सांगितले, "सॉस सकाळीच वाइन घालून करून ठेवतो. वेगळा करता येणार नाही." आम्ही आभार मानले. खरा नकार खोट्या होकारापेक्षा बरा.

तिसरा फोन लेकीने लावला. मी शेजारी गप्प बसले. "आम्ही मुस्लिम आहोत. पास्त्यात वाइन चालत नाही. सॉस ताजा करता का? भांडं वेगळं मिळेल का?" पलीकडून खुद्द आचारी बोलला. "दुपारी गर्दी नसताना या. वाइनऐवजी माशाचं पाणी आणि लिंबू घालतो. अर्धा तास थांबावं लागेल."

सासूबाईही बरोबर आल्या. आमच्या घरात एक गंमत आहे. माहेर शाफई आणि सासर हनफी. शाफई मतानुसार मला माकूल, तिसऱ्या चालतात. हनफी मतात समुद्रातले फक्त मासे हलाल, कोळंबीबद्दल उलेमांत मतभेद. सासूबाई कोळंबीही टाळतात. लेकीने हेही आचाऱ्याला सांगितले, जराही न अडखळता. त्याने सासूबाईंसाठी वेगळ्या तव्यावर टोमॅटो आणि ऑलिव्ह घालून सुरमईचा पास्ता केला.

आमच्या ताटात लांब स्पगेत्ती, वर कोळंबी, माकुलाच्या चकत्या आणि उघडलेल्या तिसऱ्या. स्पगेत्ती दाताला किंचित लागेल इतकीच शिजलेली, इटालियन लोकांना आवडते तशी. खोबरे नाही, मसाला नाही, तरी खाली उरलेल्या रश्शाला माहेरच्या तिसऱ्यांची चव. लेकीने पावाने ताट पुसून घेतले.

भगिनींनो, मुलांना घेऊन अशा ठिकाणी जाणार असाल तर आधी फोन करा, गर्दीची वेळ टाळा. "हलाल आहे का?" एवढेच विचारू नका. वाइन, डुकराचे मांस आणि भांडे यांबद्दल एकेक करून विचारा, आणि वेटरला आचाऱ्याकडून विचारून यायला सांगा. नाही म्हटले तर राग धरू नका. आणि जमले तर हे प्रश्न मुलांनाच विचारू द्या.

निघताना आचारी बाहेर आला आणि जेवण कसे झाले म्हणून विचारू लागला. सासूबाई म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे." त्याचा चेहरा जरा पडला. लेकीने त्याला समजावले, "काका, आमच्या दादी याहून जास्त कौतुक कुणाचंच करत नाहीत."