तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका



सोयाबीनच्या मळणीचे दिवस आठवा. औसा-अहमदपूर असो की लोहा-कंधार, ट्रॅक्टर एका जागी उभा, मळणी यंत्र सुरू आणि सगळीकडे भुसकट उडतंय. मध्येच कुणीतरी ओरडतं, 'काटा लालवर गेला!' घाईघाईनं कुणीतरी रेडिएटरचं झाकण फिरवायला धावतं. नेमका तेव्हाच त्याचा हात धरायचा. का, ते आज सांगते.

इंजिनात गरम झालेलं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातं. पंखा हवा ओढतो, पाणी निवतं आणि परत इंजिनात जातं. झाकण घट्ट असल्यानं आत कुकरसारखा दाब असतो. म्हणून पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि उकळतं पाणी वाफेसकट तोंडावर उडतं. वाफ जाऊ न देता आपण कुकर उघडतो का? मग हेही तसंच.

ट्रॅक्टर तापला तर मळणी थांबवा, इंजिन बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जातो.

आता तो तापतो का? एक कारण बाहेरचं. उभ्या ट्रॅक्टरचा पंखा हवेबरोबर भुसकटही ओढतो आणि जाळी बुजते. दुसरं आतलं. आपला मुलूख पाण्याच्या टंचाईचा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळे हाताला येईल ते बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं जातं. ते तापवल्यावर भांड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो ना? तोच थर नळ्यांत बसतो.

जाळी मळणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी, इंजिन गार झाल्यावर झाडून घ्या. आतला गाळ काढायला काही वेळा रेडिएटर उतरवावा लागतो. हे काम जाणत्या माणसाबरोबर, सकाळी, रात्रभर गार झालेल्या ट्रॅक्टरवर करा. पदर खोचा, केस बांधा, बांगड्या उतरवा.

आधी बॅटरीची वजा बाजूची वायर काढा, म्हणजे चुकून कुणी चालू करणार नाही. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, जोडताना कामी येतो. झाकण काढा, खालचा नळ सोडा आणि पाणी घमेल्यात धरा. त्यात कुलंट असेल तर ते जमिनीवर सांडू नका. ते चवीला गोड पण विषारी असतं. कुत्रं, वासरू, लेकरू, कुणीही चाटलं तर जिवावर बेततं. मग वरचा-खालचा रबरी पाईप क्लिप सैल करून, हलकेच पिळत काढा. बोल्ट काढा आणि दोघींनी मिळून रेडिएटर सरळ वर उचला. जाळीची पात नाजूक असते, ती वाकवू नका.

बाहेरून धुताना पाण्याची धार पंख्याच्या बाजूनं समोरच्या बाजूकडे सोडा, म्हणजे भुसकट आलं तसंच मागं निघेल. धार जोराची नको. आतून धुताना खालच्या तोंडातून पाणी घालून वरून काढा, स्वच्छ येईपर्यंत. ॲसिड वापरू नका, ते धातू खातं.

बसवताना उलट क्रमानं जा. फुगलेला किंवा चिरलेला पाईप बदला. नळ बंद आहे ना, ते बघा. ट्रॅक्टरच्या पुस्तकात सांगितलेलं कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी सावकाश भरा, हवा अडकू देऊ नका. झाकण लावून इंजिन चालवा, कुठे गळतं का पाहा. पुन्हा गार झाल्यावर पातळी बघून कमी पडलं तर भरा.

आता काही घरी हायब्रीड गाड्याही आल्यात. तिथे हे घरगुती काम चालणार नाही. त्या गाडीचा आवाज बंद असला तरी गाडी चालू असू शकते आणि इंजिन अचानक सुरू होतं. नारिंगी जाड वायरींमध्ये जीवघेणा विजेचा दाब असतो. काही गाड्यांत इंजिनाचं आणि विजेच्या यंत्रणेचं कुलंट वेगवेगळ्या टाकीत असतं. म्हणून गाडी बंद करून चावी दूर ठेवा, पूर्ण गार झाल्यावर फक्त समोरची जाळी हलक्या हातानं झाडा. रेडिएटर काढायचा तर प्रशिक्षित मेकॅनिककडेच.

कुणी भाजलंच, तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आत काढा. हळद, टूथपेस्ट, बर्फ लावू नका. स्वच्छ कपडा सैल गुंडाळा. तोंड किंवा डोळा भाजला असेल, तर १०८ ला फोन करा.

गटाचा ट्रॅक्टर असेल तर पुढच्या बैठकीत एक ठरवा: मळणीच्या हंगामात रोज संध्याकाळी जाळी झाडायची पाळी कुणाची? आणि झाकणाजवळ रंगानं ठळक लिहून ठेवा, 'गार झाल्याशिवाय उघडू नये.' मळणी एक तास उशिरा झाली तरी चालेल. भाजलेला चेहरा मात्र पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.