संगणक अचानक बंद का पडतो?

पावसाळा सुरू झाला की घरातील संगणक काम चालू असताना एकाएकी बंद पडण्याच्या तक्रारी वाढतात. लिहीत असलेला मजकूर जातो, अर्ज अर्धवट राहतो. पुष्कळदा घाईने विंडोज नव्याने टाकली जाते किंवा मदरबोर्डच बदलला जातो. खर्च होतो, दोष मात्र तसाच राहतो. म्हणून संगणक कधी आणि कसा बंद पडतो, याची नोंद दुरुस्तीपूर्वी ठेवणे हिताचे. त्याहीआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरील हार्डडिस्कवर घ्यावी. वारंवार वीज तुटल्याने साठवलेली माहितीही खराब होऊ शकते.

पहिला संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा. घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट गृहीत धरलेला असतो. तो एकदम खाली आला की संगणक बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो. त्याच क्षणी दिवे मंदावले, फ्रिज किंवा पंप चालू झाला, तर दोष बहुधा बाहेरचा असतो. सैल प्लग आणि जुना एक्स्टेन्शन बोर्ड बदलून पाहावा. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत धातूचे संपर्क लवकर गंजतात, हेही ध्यानात ठेवावे. यूपीएस असूनही वीज जाताच संगणक बंद होत असेल, तर त्याची बॅटरी थकलेली असण्याचा संभव अधिक. अशा बॅटऱ्या साधारणतः तीन ते पाच वर्षे टिकतात.

दुसरे कारण उष्णता. प्रोसेसरचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही उष्णता वाढत राहिली तर बचावासाठी संगणक बंद होतो. याची खूण ठरलेली आहे: बंद पडल्यावर लगेच सुरू केला तर तो पुन्हा लवकर बंद पडतो, अर्धा तास थंड होऊ दिला तर अधिक वेळ चालतो. अशा वेळी प्लग काढून कॅबिनेट उघडावे, पंख्याची पाती बोटाने स्थिर धरून मऊ ब्रशने धूळ काढावी. पंखा फिरत असूनही तापमान उतरत नसेल, तर प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी लागते.

तापमान योग्य आहे, तरीही खेळ किंवा व्हिडिओ संपादन यांसारखे जड काम सुरू होताच संगणक बंद पडतो, तर एसएमपीएस तपासावा. तंत्रज्ञाकडून दुसरा, पुरेशा क्षमतेचा एसएमपीएस जोडून पाहणे ही सर्वांत खात्रीची कसोटी. तो डबा घरी कदापि उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब काही काळ राहू शकतो.

निळा पडदा क्षणभर दिसून संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर रॅम किंवा ड्रायव्हर यांच्याकडे वळावे. विंडोजमधील आपोआप रिस्टार्ट होण्याचा पर्याय बंद केल्यास पडद्यावरील दोषसंकेत वाचता येतो. ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ने रॅमची परीक्षा होते, कार्ड काढून, संपर्क पुसून पुन्हा नीट बसवल्यानेही कधी दोष जातो. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नेल-पॉवर ४१’ अशी नोंद आढळते. ती मात्र संगणक नीट बंद झाला नाही एवढेच सांगते, कारण सांगत नाही. त्यामुळे केवळ या नोंदीवरून कोणी सुटा भाग बदलण्यास सांगत असेल, तर आधी कसोटीचा आग्रह धरावा.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि एक-दोन दिवस निरीक्षण करावे. कोणत्या वेळी, कोणते काम चालू असताना आणि किती मिनिटांनी संगणक बंद पडला, हे कागदावर टिपून नेल्यास तंत्रज्ञाचा वेळ वाचतो आणि ग्राहकाचा पैसाही.