दूरचित्रवाणी ग्रहण, अंकीय भूस्थित

जमिनीवरील मनोऱ्यावरून प्रेषित केलेले अंकीय स्वरूपातील दूरचित्रवाणी संदेश घराच्या छपरावरील किंवा खोलीतील आकाशकाच्या (अँटेनाच्या) साहाय्याने थेट ग्रहण करण्याच्या पद्धतीस ‘अंकीय भूस्थित दूरचित्रवाणी ग्रहण’ म्हणतात. उपग्रहाकडून तबकडीद्वारा होणारे ग्रहण आणि तारेच्या जाळ्यातून घरोघर होणारे वितरण यांहून ही पद्धत वेगळी आहे. प्रेक्षकाला दरमहा वर्गणी भरावी लागत नाही आणि मधला वितरकही लागत नाही. मात्र प्रेषक पुरेसा जवळ असावा लागतो व तो चालू असावा लागतो. बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूरसारख्या, मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या गावांच्या संदर्भात ही अट निर्णायक ठरते.

*इतिहास :* भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रेषण दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. महाराष्ट्रात मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व पुढील वर्षी पुण्यास पुनःप्रेषण केंद्राची जोड मिळाली. ग्रामीण भागात खरा विस्तार झाला तो इन्सॅट-१बी हा उपग्रह १९८३ मध्ये कार्यान्वित झाल्यावर. दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम उपग्रहावरून घेऊन आसपासच्या परिसरात पुन्हा प्रेषित करणारे लघुशक्ती प्रेषक तालुक्याच्या व जिल्ह्याच्या गावी उभे राहिले. १९८४ मध्ये तर काही महिने देशात जवळजवळ दररोज एक नवा प्रेषक सुरू होत होता. छपरावरील बांबूला बांधलेला ॲल्युमिनियमच्या कांड्यांचा आकाशक हे त्या काळापासून गावोगावचे परिचित दृश्य झाले. एकाने छपरावर चढून तो फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून ‘आले, आले’ म्हणून ओरडायचे, हा अनुभव त्या पिढीच्या स्मरणात आहे.

अंकीय भूस्थित प्रेषणाची नियमित सेवा ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९९८ मध्ये सुरू झाली. त्यानंतर सदृश (ॲनॅलॉग) प्रेषण बंद करून अंकीय पद्धतीकडे वळण्याचा क्रम अनेक देशांनी अवलंबिला. बर्लिन शहराने तो २००३ मध्ये, अमेरिकेने आपल्या पूर्णशक्ती केंद्रांच्या बाबतीत जून २००९ मध्ये आणि ब्रिटनने २०१२ मध्ये पूर्ण केला. भारतात दूरदर्शनने २००३ मध्ये चार महानगरांत अंकीय भूस्थित प्रेषणाचा प्रयोग केला. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये डीव्हीबी-टी२ ह्या सुधारित मानकानुसार १६ शहरांत सेवा सुरू करण्यात आली. महाराष्ट्रातील मुंबई व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ह्या शहरांचा त्यांत समावेश होता.

*तत्त्व :* सदृश पद्धतीत चित्रातील प्रकाशाच्या कमीअधिक तीव्रतेनुसार वाहक तरंगाचा परमप्रसर सतत बदलत असतो. एका वाहिनीस ७ ते ८ मेगॅहर्ट्‌झ रुंदीचा संपूर्ण कंप्रतापट्टा लागतो. अंकीय पद्धतीत चित्र व ध्वनी यांचे प्रथम अंकांत रूपांतर करतात. असे मूळ चित्र दर सेकंदास २७ कोटी द्विमान अंकांचे असते व ते जसेच्या तसे पाठविणे परवडत नाही. म्हणून लागोपाठच्या चित्रांत जे बदलत नाही ते पुन्हा न पाठविता केवळ बदल पाठवितात. ह्या संक्षेपणामुळे तेच चित्र सेकंदास काही लाख ते काही दशलक्ष अंकांत मावते आणि एका वाहिनीच्या जागेत अनेक वाहिन्या पाठविता येतात.

हे अंक एकाच वाहकावर न लादता परस्परांत व्यत्यय न आणणाऱ्या हजारो उपवाहकांवर वाटून देतात. प्रत्येक उपवाहकावरील गती त्यामुळे अगदी मंद होते. प्रत्येक चिन्हापूर्वी थोडा ‘संरक्षक अवकाश’ राखलेला असतो. डोंगर, पाण्याच्या टाक्या वा इमारती यांवरून परावर्तित होऊन उशिरा पोहोचणारा तरंग ह्या अवकाशातच येऊन विरून जातो. मूळ डीव्हीबी-टी मानकात हा अवकाश २२४ मायक्रोसेकंदांपर्यंत ठेवता येतो. तेवढ्या वेळात तरंग सु. ६७ किमी. अंतर कापतो. सदृश चित्रात अशा परावर्तनांमुळे मूळ आकृतीच्या शेजारी तिची फिकट सावली दिसे. अंकीय चित्रात ती दिसत नाही. याच गुणामुळे शेजारचे अनेक प्रेषक एकाच कंप्रतेवर चालविणे शक्य होते.

ग्राहीकडे येणाऱ्या अंकांतील चुका शोधून दुरुस्त करण्यासाठी जादा अंक जोडलेले असतात. चुका एका मर्यादेपर्यंत पूर्णपणे दुरुस्त होतात, मर्यादा ओलांडली की अजिबात होत नाहीत. म्हणून सदृश चित्र संदेश क्षीण होईल तसे हळूहळू बिघडत जाते, पडद्यावर ‘मुंग्या’ दिसतात, तरी आवाज व आकृती ओळखू येतात. अंकीय चित्र अखेरपर्यंत स्वच्छ राहते, मग चौकोनी तुकड्यांत फुटते आणि एकदम नाहीसे होते. कड्यावरून कोसळण्यासारखी ही स्थिती असल्याने पूर्वी अंधुक चित्रावर समाधान मानणाऱ्या दूरच्या प्रेक्षकास अंकीय पद्धतीत मधली अवस्था उरत नाही.

*अंतर व भूरचना :* दूरचित्रवाणीसाठी वापरले जाणारे अतिउच्च कंप्रतेचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात. वातावरणातील प्रणमनामुळे ते किंचित वाकून दृश्य क्षितिजाच्या थोडे पलीकडे पोहोचतात. सपाट प्रदेशात प्रेषक व ग्राही यांच्या आकाशकांच्या मीटरमधील उंचींची वर्गमुळे काढून त्यांच्या बेरजेस ४.१२ ने गुणले असता ही मर्यादा किलोमीटरमध्ये मिळते. मनोरा १५० मी. व छपरावरील आकाशक १० मी. उंच असल्यास ती सु. ६३ किमी. येते. मनोरा ३० मी.चाच असेल, तर ती सु. ३६ किमी. येते. प्रेषकाची शक्ती वाढविल्याने ही मर्यादा फारशी वाढत नाही, उंचीने वाढते. प्रेषक डोंगरमाथ्यावर उभारण्याचे कारण हेच होय.

सुलतानपूर हे लोणार तालुक्यातील गाव लोणार व मेहकर यांच्या दरम्यान आहे. छत्रपती संभाजीनगरपासून त्याचे सरळ रेषेतील अंतर सु. १२५ किमी. भरते. वरील सूत्रानुसार १० मी. उंचीच्या आकाशकाने एवढ्या अंतरावरून संदेश घ्यावयाचा, तर प्रेषकाचा आकाशक मधल्या प्रदेशापेक्षा सातशे मीटरांहून अधिक उंच असावा लागेल. शिवाय वाटेत एकही टेकडी आड येता कामा नये. वातावरणातील थरांमुळे एखाद्या रात्री दूरचा संदेश क्षणकाल मिळू शकतो, परंतु त्यावर नित्याचे ग्रहण विसंबून ठेवता येत नाही. भूरचनेचा परिणाम समजण्यास जवळचेच उदाहरण घेता येईल. लोणारचे उल्काघाती विवर सु. १.८ किमी. व्यासाचे व सु. १४० मी. खोल आहे. त्याच्या काठावर ज्या प्रेषकाचा संदेश स्पष्ट मिळेल, त्याचाच संदेश तळाशी सरोवराजवळ अतिशय क्षीण मिळेल, कारण काठाची भिंत तळावर ‘छाया’ पाडते. लहान प्रमाणात हीच गोष्ट प्रत्येक खोलगट वस्तीत घडते.

*ग्रहण साहित्य :* आकाशकात मागे परावर्तक, मध्ये संदेश ग्रहण करणारा द्विध्रुव व पुढे अनेक दिग्दर्शक कांड्या असतात. द्विध्रुवाची लांबी तरंगलांबीच्या निम्मी ठेवतात. ५०० मेगॅहर्ट्‌झला ती सु. ३० सेंमी., तर २०० मेगॅहर्ट्‌झला सु. ७५ सेंमी. होते. म्हणून जुना आकाशक अंकीय ग्रहणासही चालतो, फक्त तो त्या कंप्रतेस योग्य मापाचा असावा लागतो. ‘अंकीय आकाशक’ असा निराळा प्रकार नाही. कांड्या प्रेषकाच्या ध्रुवणानुसार आडव्या वा उभ्या ठेवतात. ७५ ओहमची समाक्ष केबल वापरतात व सांध्यांत पावसाचे पाणी शिरू न देण्याची दक्षता घेतात. संदेश क्षीण असेल, तर विवर्धक आकाशकाजवळच बसवितात. ग्राहीजवळ बसविल्यास केबलमध्ये मिसळलेला गोंगाटही तेवढाच वाढतो.

संचात किंवा जोडपेटीत डीव्हीबी-टी२ मानकाचा ग्राही परिपथ असणे आवश्यक असते. उपग्रह तबकडीची जोडपेटी ह्या कामी उपयोगी पडत नाही, कारण तिचे मानक व कंप्रता दोन्ही भिन्न असतात.

*स्थित्यंतर व परिणाम :* सदृश प्रेषकांचा वीजखर्च आणि त्यांनी अडविलेला कंप्रतापट्टा यांचा विचार करून प्रसार भारतीने ते टप्प्याटप्प्याने बंद केले. सामरिक महत्त्वाच्या ठिकाणचे सु. ५० प्रेषक वगळता उर्वरित सर्व ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर करण्यात आले. अन्य देशांत सदृश प्रेषकाच्या जागी बहुधा त्याच मनोऱ्यावर अंकीय प्रेषक आला. भारतात लहान गावांच्या बाबतीत तसे झाले नाही. त्यांच्यासाठी डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची निःशुल्क उपग्रह सेवा हा पर्याय पुढे आला. ती आज ‘डीडी फ्री डिश’ ह्या नावाने ओळखली जाते. तिच्या उपग्रहाचे स्थान ९३.५° पूर्व रेखांशावर असल्याने सुलतानपूर परिसरात तबकडी आग्नेयेस, क्षितिजापासून सु. ६०° उंच रोखावी लागते. येथे डोंगराची छाया पडत नाही, मात्र मुसळधार पावसात संदेश काही काळ तुटतो.

ह्या बदलात लाभ व हानी दोन्ही आहेत. एका वाहिनीच्या ठिकाणी अनेक वाहिन्या आल्या आणि मराठी कार्यक्रम दुर्गम वस्तीतही सारख्याच स्पष्टपणे दिसू लागले. उलट तबकडी, जोडपेटी व ती नीट रोखणारा जाणकार यांचा खर्च प्रेक्षकावर पडला. संपूर्ण देशाची सेवा एका उपग्रहावर व एका भूकेंद्रावर अवलंबून राहिली. पूर, वादळ यांसारख्या आपत्तीत केवळ एका तालुक्यापुरती सूचना त्या तालुक्यातील मनोऱ्यावरून देण्याची सोय भूस्थित प्रेषणातच सहज असते. ह्यामुळेच मोबाईल संचावर थेट ग्रहण करता येईल अशा नव्या भूस्थित प्रेषणाचे प्रयोग प्रसार भारतीने कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने हाती घेतले. ते लहान गावांपर्यंत पोहोचावयाचे, तर जवळचा मनोरा ही जुनी अट त्यांनाही लागू राहील. जेथे प्रेषक नाही, तेथे उत्तम आकाशक व अद्ययावत संच असूनही पडदा कोराच राहतो. म्हणून अशा गावातील प्रेक्षकाने साहित्य विकत घेण्यापूर्वी आपल्या छपराच्या टप्प्यात प्रत्यक्ष चालू असलेला प्रेषक आहे किंवा नाही, याची खात्री करून घेणे श्रेयस्कर होय.