बॅरकची सामायिक भिंत

संपादकांना उल्हासनगरच्या जीन्स बाजारावर लेख हवा होता. त्यासाठीच कॅम्प नंबर पाचमध्ये गेले, पण दोन दुकानांमधल्या बोळातून मागं डोकावले आणि बाजार बाजूलाच राहिला. मागं उतरत्या छपराची एक लांबलचक जुनी बॅरक उभी होती. तिच्या प्रत्येक खोलीचा रंग वेगळा, दार वेगळं, उंचीही वेगळी.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प उभा राहिला. सहा हजार सैनिक आणि आणखी तीस हजार माणसांची सोय करणाऱ्या या तळावर २,१२६ बॅरका होत्या. युद्ध संपलं, तळ रिकामा झाला, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं इथं आणलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी नगराची पायाभरणी केली आणि उल्हास नदीवरून त्याचं नाव पडलं. १९६० मध्ये नगरपालिका झाली, १९९६ मध्ये महापालिका. रिक्षावाल्याला मात्र आजही कॅम्पचा नंबरच सांगावा लागतो.

सैनिकांना झोपायला पुरेल अशी ती रचना. तिथं चुलीला जागा नव्हती, आडोसा नव्हता. नळ आणि संडास सामायिक. आलेल्या कुटुंबांनी गोणपाट आणि चादरी टांगून संसार वेगळे केले. पुढं पडद्यांच्या जागी फळ्या आल्या, फळ्यांच्या जागी विटा. त्याच खोल्यांत पापड लाटले गेले, लोणची भरली गेली, आणि तो माल घेऊन पोरं लोकलमध्ये विकायला निघाली. पुढं शिलाई मशीन आली. सरकारी छपराखाली या माणसांनी मदतीची वाट न पाहता आपला उद्योग उभा केला. मला या बॅरकांचं मोठेपण त्यात दिसतं.

शेजारी काम करणाऱ्या गवंड्यानं एका भिंतीला ओळंबा लावून दाखवला. "मॅडम, ही भिंत दोघांची. यानं वर मजला चढवला की भार त्याच्याही बाजूला जातो. आणि पाया मूळचा, एका छपरापुरता."

सगळी अडचण या भिंतीत आहे. घर वाढवायचं ते एकट्यानं, आणि झळ लागते शेजाऱ्याला. पुनर्विकास करायचा तर अख्खी बॅरक एकदम रिकामी व्हायला हवी. एका खोलीची सनद आजोबांच्या नावावर, वारस चार. दुसरी नुसत्या कच्च्या कागदावर विकलेली. तिसऱ्या खोलीत दुकान, आणि ते बंद ठेवणं मालकाला परवडत नाही. एकजण अडला की सगळे अडतात. म्हणून जो तो आपल्यापुरता मजला चढवतो.

सुमारे तेरा चौरस किलोमीटरच्या या शहरात २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर माणसं मोजली गेली. जागा आडवी मिळेना, तेव्हा बांधकाम उभं वाढलं, पुष्कळसं परवानगीविना. ते नियमित करण्यासाठी २००६ मध्ये खास उल्हासनगरसाठी कायदा करावा लागला. पण नियमित झाल्यानं कच्चं काँक्रीट पक्कं होत नाही. मे २०२१ मध्ये दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं दगावली.

बॅरका जपाव्यात असा माझा हट्ट नाही. त्यांत राहणाऱ्यांना पक्कं घर मिळायलाच हवं. पण परवानगी आणि मालकी जोवर खोली-खोलीपुरती पाहिली जाईल, तोवर ते घर सुरक्षित होणार नाही. सबंध बॅरक हे एकच घर धरून आधी सनदा सरळ करा, भाडेकरू आणि दुकानदारांची तात्पुरती सोय लावा, आणि मगच पाडकामाला हात घाला. एका रांगेत ऐंशी वर्षांजवळ टिकलेल्या शेजाराला एका रांगेतच नवं घर मिळालं पाहिजे.