आवर्तसारणीच्या वाटेवर – लेखांक ७ : चोपण ढेकूळ

दौंड तालुक्यात पुणे–सोलापूर रस्त्यालगत कासुर्डी लागतं. खडकवासल्याच्या कालव्यानं या पट्ट्यात ऊस आणला, आणि उसामागोमाग जिथं पाणी मुरून निघून जायला वाट मिळाली नाही तिथं एक शब्दही आणला : चोपण. पाऊस पडला की असं रान राड होतं, वाळलं की दगड. पाणी वरच तुंबतं, खाली वीतभर ओल जात नाही.

काचेच्या दोन पेल्यांत पावसाचं पाणी घ्या. एकात चांगल्या रानातलं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा, दुसऱ्यात चोपण रानातलं. ढवळायचं नाही. पहिलं ढेकूळ फुटेल, पण त्याचे कण तळाशी बसतील आणि पाणी निवळ राहील. दुसऱ्याभोवती हळूहळू धुरकट वलय पसरेल आणि पेला उद्यापर्यंत गढूळच दिसेल. माती तीच, बेसाल्ट झिजून झालेली काळी. फरक तिला चिकटलेल्या आयनांचा : पहिलीत कॅल्शियम जास्त, दुसरीत सोडियम.

आता मागच्या आठवड्याचे दोन नियम आठवा. गणात वरून खाली यावं तसा अणू मोठा होतो, कारण दर पायरीला इलेक्ट्रॉनांचं एक नवं कवच चढतं. आवर्तात डावीकडून उजवीकडे जावं तसा तो लहान होतो, कारण कवच तेच राहतं आणि केंद्रकातले प्रोटॉन वाढून इलेक्ट्रॉनांना आत ओढतात. सोडियमपासून कॅल्शियमपर्यंत जायचं तर एक घर खाली आणि एक घर उजवीकडे. खाली उतरताना आकार वाढतो, उजवीकडे सरकताना घटतो. आयनांची त्रिज्या पाहा : सोडियम १०२ पिकोमीटर, त्याच्याखालचा पोटॅशियम १३८, पोटॅशियमच्या उजवीकडचा कॅल्शियम १००. (पिकोमीटर म्हणजे मीटरचा लाख कोटीवा भाग.) वाढलं तेवढं जवळजवळ सगळं परत घटलं. मला आवर्तसारणीतली ही तिरकी जुळणी फार आवडते.

म्हणजे मातीच्या दृष्टीनं दोघं सारख्याच मापाचे. मग एक माती बांधतो आणि दुसरा विस्कटतो, ते का? गण बदलला की प्रभार बदलतो. पहिल्या गणातला सोडियम एक इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो, दुसऱ्या गणातला कॅल्शियम दोन देतो. काळ्या मातीचे सूक्ष्म पापुद्रे ऋणप्रभारित असतात. तेवढ्याच आकारात दुप्पट धनप्रभार घेऊन कॅल्शियम त्यांना घट्ट धरतो आणि त्यांचे गठ्ठे होतात, मध्ये हवा-पाण्याला जागा राहते. सोडियमची पकड एकेरी. पाणी मिळालं की तो स्वतःभोवती पाणी गोळा करतो, पापुद्रे एकमेकांपासून सुटतात आणि सुटलेले कण बारीक छिद्रं बुजवतात. पेल्यातलं धुरकट वलय म्हणजे हेच सुटलेले पापुद्रे.

नुसता प्रभार मोजूनही भागत नाही. मॅग्नेशियमही दोन प्रभारांचा, पण एक घर वर असल्यानं त्याचा आयन जेमतेम ७२ पिकोमीटरचा. एवढ्याशा जागेत दाटलेला प्रभार भोवतीचं पाणी घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे माती बांधण्यात तो कॅल्शियमची बरोबरी करत नाही.

म्हणूनच चोपण रानात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, टाकतात. कॅल्शियम तर चुनखडीतही असतो आणि आपल्याकडच्या मातीत चुनखडीचे खडे पुष्कळ दिसतात, पण चोपण मातीत ती विरघळत नाही, म्हणून उपयोगी पडत नाही. जिप्सम लिटरभर पाण्यात साधारण २.४ ग्रॅम विरघळतं. त्यातला कॅल्शियम पापुद्र्यावर बसतो, सोडियम सुटतो आणि सल्फेटबरोबर पाण्यात उतरतो. एका कॅल्शियमच्या जागी दोन सोडियम सुटतात, प्रभाराचा हिशेबच तसा आहे. ते पाणी रानाबाहेर गेलं पाहिजे. चर नसेल तर उन्हाळ्यात ओल वर चढते आणि तोच सोडियम पुन्हा वरच्या थरात येऊन बसतो. त्यामुळे आधी चर खोदायचा, मग जिप्सम.

पोटॅशियमचे ते १३८ पिकोमीटर आज मध्येच सोडले. खतातला पालाश काळ्या मातीत अडकून का बसतो, ते पुढच्या आठवड्यात त्यांच्यापासूनच सुरू करू.